वरचं पाणी ठेवायचं

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा, संघमित्रा कशी आहे, तर म्हणतील कामाला वाघ आणि तोंडाला तिखट. परळच्या ज्या संशोधन संस्थेत मी सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे तिथेही हेच सांगतील. माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुलं आज परदेशात लॅब चालवतात आणि फोनवर म्हणतात, ताई, तुमचं ओरडणं अजून कानात आहे. मी म्हणते, असू दे, चुका कमी होतील. दुसऱ्यांच्या चुकांवर मी आयुष्यभर ओरडले. माझी स्वतःची चूक झाली तेव्हा ओरडायला कुणी नव्हतं, आणि ती चूक माझ्या सख्ख्या भावाच्या जिवावर बेतली.

भाऊ म्हणजे प्रफुल्ल. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमची आई सुंदराबाई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी सतराची. वडील बुधाजी गिरणीतले, संपानंतर मिळेल ते काम करत दिवसभर बाहेर. त्यामुळे प्रफुल्लला आंघोळ घालण्यापासून त्याची दहावी काढण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. माझं लग्न झालं नाही. म्हणजे मीच केलं नाही, आणि त्याचं कारण तो नव्हता, हे त्याला शंभरदा सांगूनही पटलं नाही. त्याचं लग्न प्रितीशी झालं, चाळीत शेजारची खोली मिळाली, आणि आमचं दोन खोल्यांचं एक घर झालं. मूल व्हावं म्हणून दोघांनी पाचसहा वर्षं डॉक्टर केले. झालं नाही.

शिवडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो बुकिंग बघायचा. कुठली गाडी कुठल्या गोदामाला लागली, कुठला माल नाक्यावर अडकला, सगळं डोक्यात. वही उघडायची गरज नाही. गेल्या सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पाणीवाटपाला उभा होता तेव्हा पोटात कळ आली. ॲसिडिटी म्हणून महिना काढला. मग डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेलेली. केमोच्या दोन फेऱ्यांत माझा दणदणीत भाऊ हँगरला अडकवलेल्या शर्टासारखा दिसायला लागला. गाठ होती तेवढीच.

आमच्या यशोधन सरांचं काम नेमकं याच आजारावर चालू होतं. आणि त्या कामातली तयारी करणारे हात माझे होते.

काम काय, ते मी प्रफुल्लला त्याच्या पलंगावर बसून सांगितलं होतं. म्हटलं, आपल्या अंगातली प्रत्येक पेशी स्वतःच्या कातडीचा बारीकसा तुकडा काढते, त्याची पुडी बांधते आणि बाहेर सोडते. केसाच्या जाडीत सातआठशे पुड्या ओळीने बसतील एवढी बारीक. पेशी एकमेकींना निरोप पाठवतात त्यातून. आम्ही काय करतो, तुझ्या कमरेच्या हाडातून मगज, म्हणजे बोन मॅरो, काढायचा, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या, त्यांनी सोडलेल्या पुड्या गोळा करायच्या, आत औषध भरायचं आणि परत तुझ्याच अंगात सोडायच्या.

"म्हणजे टेम्पो," प्रफुल्ल म्हणाला.

"टेम्पो काय रे?"

"घरचीच गाडी, घरचाच नंबर. नाक्यावर कोण अडवणार? केमो म्हणजे अख्ख्या शिवडीत माल उधळायचा, लागला त्याला लागला. हे डायरेक्ट गोदामाच्या दारात." तो पहिल्यांदा जरा उठून बसला. "आणि आत माल काय?"

"गाठीतला एक बिघडलेला जीन आहे, त्याचं तोंड बंद करणारं औषध."

"तुझं तोंड बंद करणारं काही आहे का त्यांच्याकडे?"

प्रिती दारात उभी होती, ती किती तरी दिवसांनी हसली.

अशा पद्धतीने औषध द्यायला परवानग्या लागतात, समित्या लागतात. सरांनी सगळ्या मिळवल्या. उपाय लागू पडेल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हणाले, प्रयोग आहे, काही पेशंटना वेळ मिळालाय, काहींना नाही. प्रफुल्लने सही केली आणि मला म्हणाला, आक्का, माल सुटला की फोन कर.

मगज काढला. पेशी लागल्या वाढीला. तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ताई, घरचं माणूस आहे. या बॅचला तुम्ही हात लावू नका. वैदेही करेल."

वैदेही म्हणजे त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. हुशार आहे, पण तेव्हा तिचा हात मला धीमा वाटायचा. मी सरांशी भांडले. खोटं कशाला सांगू, चांगली भांडले. म्हटलं, माझ्या भावाच्या पेशी मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही, या बिल्डिंगमध्ये माझ्याइतका स्थिर हात कुणाचा आहे ते सांगा. सर तीन दिवस नाही म्हणत राहिले आणि चौथ्या दिवशी वैतागून हो म्हणाले. एक अट घातली. ओतायच्या प्रत्येक वेळी दोन माणसं हवीत. एकाने ओतायचं, आणि त्याआधी दुसऱ्याने कागदावरून मोठ्याने वाचायचं, काय ठेवायचं आणि काय टाकायचं.

ही अट का, ते समजून घ्या. पेशी गुलाबी पाण्यात वाढतात. ते पाणी बाटलीत भरून मशीनमध्ये गरगर फिरवलं की जड असेल ते तळाला बसतं. मी तेवीस वर्षं नुसतं पेशींचं काम केलं होतं. त्यात पेशी हव्या असतात, म्हणून तळ जपायचा आणि वरचं पाणी टाकून द्यायचं. या पुड्यांच्या कामात पहिल्या फेरीला बरोबर उलटं. तळाला मेलेल्या पेशींचा कचरा बसतो, आणि पुड्या इतक्या हलक्या की वरच्या पाण्यातच राहतात. म्हणून वरचं पाणी ठेवायचं, तळ टाकायचा. नवीन मुलं इथेच चुकतात. कितींना मी त्यावरून रडवलंय. तीन वर्षांत माझ्या हातून एकदाही चूक झाली नव्हती.

सहा आठवडे पेशी वाढवल्या. रोजचं पाणी काढून गोठवत गेले. दोन लिटर जमलं, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. मशीनमध्ये फिरवायच्या आदल्या दिवशी थेंबभर घेऊन पुड्या मोजल्या, तर इतक्या की सर म्हणाले, ताई, परत मोजा. परत मोजल्या. तेवढ्याच. मी घरी जाऊन प्रफुल्लला सांगितलं नाही, म्हटलं दृष्ट लागायची. असल्या गोष्टी मी मानत नाही, तरी नाही सांगितलं.

शुक्रवार होता, सकाळचे अकरा. पहिली फेरी झाली. मी बाटल्या बाहेर काढून हवा गाळणाऱ्या हूडखाली मांडल्या. वैदेही कागद घेऊन शेजारी उभी राहिली आणि वाचायला लागली. "ताई, पहिली फेरी. वरचं पाणी..."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं. "तू शाळेत होतीस तेव्हापासून ओततेय मी. जा, बर्फ घेऊन ये. तू अशी डोक्यावर उभी राहिलीस की माझा हात अडतो."

"पण सरांनी..."

"जा म्हटलं ना."

ती गेली. फोन खिशात थरथरला. हातमोजे होते म्हणून बघितला नाही, पण कुणाचा असणार ते ठाऊक होतं. रोज अकराला त्याचा मेसेज यायचा, माल सुटला का. माझ्या मनात आलं, संध्याकाळी त्याला सांगेन, सुटला रे बाबा, सोमवारी तुझ्या दारात. आणि मी पहिली बाटली उचलली, एका लयीत तिरपी केली आणि पाणी टाकाऊच्या बादलीत ओतलं. मग दुसरी. तिसरी. चौथी. हात अगदी स्थिर होता. तळाचा पांढरट थर जरासुद्धा हलू दिला नाही मी. तो सोडवायला पिपेट उचललं आणि तिथे थांबले.

बादलीत ब्लीच असतं, त्यात पडलेलं काही वाचत नाही. गुलाबी रंग बघता बघता उडाला.

वैदेही बर्फ घेऊन आली. तिने बाटल्यांकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि बर्फाचा डबा खाली ठेवला. त्या क्षणी कुणीतरी मला थोबाडीत मारायला हवी होती.

सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी हे हातून झालेली चूक म्हणूनच लिहिणार, ताई. तुम्ही माझी अट मोडलीत तेही."

"लिहा."

"पेशी आता दमल्यात. त्यांच्याकडून दुसरी बॅच येणार नाही. नव्याने मगज काढावा लागेल, परत सहा आठवडे."

तेव्हा प्रफुल्लचं वजन एक्केचाळीस किलो होतं. त्याच्या डॉक्टरांनी मगज काढायला साफ नकार दिला. सहा आठवडे त्याच्याकडे नव्हतेच.

"घरी मी सांगू का?" सरांनी विचारलं.

"मी सांगते," मी म्हटलं. आणि घरी जाऊन सांगितलं, बॅच जमली नाही. एवढंच. तीन शब्द. बाकीचं गिळलं. दुसऱ्यांना भर लॅबमध्ये फाडून खाणारी मी, माझ्या भावाच्या डोळ्यांकडे बघून मला वाचा फुटेना.

"माझ्या गाड्याच भंगार निघाल्या म्हण की," प्रफुल्ल म्हणाला.

मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच होतं ते.

त्यानंतर भेटायला येईल त्याला तो हेच सांगायला लागला. हसत सांगायचा. शिवडीचे त्याचे सोबती राजाराम आले, त्यांना म्हणाला, "काय सांगू शेठ, लॅबमध्ये नेऊन खायला प्यायला घातलं, तरी माझ्या पेशी नापास. आमच्या अंगात काहीच धड नाही." मला वाटायचं, मस्करी करतोय, करू दे, दिवस जातायत. पण एक दिवस दुपारी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी आले तेव्हा तो प्रितीला सांगत होता, "बरं झालं गं, आपल्याला पोर झालं नाही ते. त्याच्यातही हेच भंगार गेलं असतं."

प्रिती उठून मोरीत गेली आणि नळ सोडला. भांडं नव्हतं घासायला एकही. सहा वर्षं त्या दोघांनी एका पोरासाठी काय काय सोसलं ते मी बघितलं होतं, आणि माझ्या गप्प बसण्याने मी त्याच्याकडून ते दुःखही काढून घेतलं होतं, पोर झालं नाही ते बरंच, असं त्याच्या तोंडून वदवलं होतं. लाज वाटली मला. बॅच सांडली तेव्हापेक्षा जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिती हॉस्पिटलमध्ये दुखण्याच्या गोळ्या आणायला गेली. मी प्रफुल्लला तांदळाची पेज भरवत होते. चार चमचे गेले होते. पाचवा हातात धरून मी म्हटलं, "तुझ्या पेशी चांगल्या होत्या."

"राहू दे आक्का."

"राहू दे नाही. आदल्या दिवशी मोजल्या होत्या आम्ही. तीन वर्षांत इतक्या चांगल्या पुड्या कुणाच्या निघाल्या नाहीत. सरांनी दोनदा मोजायला लावल्या. मी ओतून दिल्या. वरचं पाणी ठेवायचं होतं, मी तळ ठेवला. वैदेही वाचून दाखवत होती, तिला मी हाकललं. चारही बाटल्या मीच ओतल्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"माल चांगला होता?"

"एक नंबर होता."

"गाड्या भरायला तयार होत्या?"

"हो."

"आणि तू..."

"हो."

खाली चाळीच्या चौकात कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होईना. प्रफुल्लने ते ऐकलं आणि मग विचारलं, "किती दिवस मिळाले असते मला?"

"माहीत नाही रे. कदाचित एकही नाही. खरंच. कदाचित एक वर्ष."

"एक वर्ष," तो म्हणाला.

मी रडत होते. तो रडला नाही. मी पदराने तोंड पुसलं, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून हातातला चमचा पुढे केला. त्याने मान जराशी वळवली.

"नको," तो म्हणाला. "तुझ्या हातचं नको, आक्का. प्रिती आली की खाईन."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी उलटून बोलले असते, भांडले असते, पायावर डोकं ठेवलं असतं. पण तो इतक्या हळू म्हणाला, पाहुण्याला नाही म्हणावं तसं. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून त्याने माझ्या हातचं खाल्लं होतं. मी वाटी झाकून ठेवली आणि प्रिती येईपर्यंत जिन्यात जाऊन बसले.

तो त्यानंतर नऊ दिवस होता. भेटायला येणाऱ्यांना भंगार हा शब्द परत त्याने ऐकवला नाही. म्हणायचा, "माल एक नंबर होता आपला, डिलिव्हरी नाही झाली." कुणी विचारलं का नाही झाली, तर म्हणायचा, होतं असं धंद्यात. माझ्याशी बोलायचा. पंखा कमी कर, चादर दे, बाबांचा फोटो जरा सरळ कर. पण मी वाटी घेऊन उभी राहिले की डोळे मिटून घ्यायचा. मी रोज उभी राहिले. नऊच्या नऊ दिवस. प्रिती बघायची आणि माझ्या हातातली वाटी घ्यायची. का, कशाला, एका शब्दाने विचारलं नाही तिने. मला वाटलं, आजारी माणसाचा हट्ट समजत असेल.

गुरुवारी दुपारी तो गेला. भोईवाड्याच्या स्मशानात नेलं.

सातव्या दिवशी विहारात त्याच्या नावाने पुण्यानुमोदन ठेवलं. भंतेजींनी त्रिशरण पंचशील दिलं. खोटं बोलणार नाही हे शील मी सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हटलं, आणि माझी मान वर होईना. मग माणसं दोन दोन शब्द बोलायला उठली. राजाराम उठले. म्हणाले, "प्रफुल्लभाऊंच्या उपचारांना यश आलं नाही, पण अशी बहीण कुणाला मिळते? स्वतःच्या हाताने भावासाठी औषध तयार करायला उभी राहिली." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. चाळीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी जमिनीकडे बघत बसले. ब्लीचच्या बादलीजवळसुद्धा मी इतकी मेले नव्हते.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी प्रितीला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. पांढऱ्या साडीत ती एकदम शाळकरी मुलीसारखी दिसत होती. मी तिला सगळं सांगितलं. काही राखलं नाही. सरांशी भांडले ते, वैदेहीला हाकललं ते, बादली, आणि घरी येऊन गप्प बसले ते. सांगून झाल्यावर म्हटलं, "तुला जे बोलायचं ते बोल. मला मार. पण काहीतरी कर."

"मला माहीत आहे, आक्का," प्रिती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही त्यांना सांगितलंत ना, त्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, तू विचारू नकोस, आक्का स्वतःहून येऊन सांगेल तुला. सोळा दिवस मी वाट बघतेय."

"मग त्याने मला माफ केलं होतं का गं? काही बोलला का?"

तिने विहाराच्या फाटकाकडे बघितलं.

"मीही विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, राग असेल तर एकदाच बोलून मोकळे व्हा, आणि राग नसेल तर दोन घास खा त्यांच्या हातचे, रोज उभ्या राहतात त्या. तर म्हणाले, राग नाही गं. आक्काने वाटी आणली की खावंसं वाटतं. पण चमचा जवळ आला की तिचा हात दिसतो, ओतताना. मग नाही उतरत." ती थांबली. "शेवटच्या दिवशी म्हणाले, आज खाऊन बघतो. तुम्ही तेव्हा आंघोळीला गेला होतात. तुम्ही येईपर्यंत..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. मी आंघोळीहून आले तेव्हा प्रिती त्याला हाका मारत होती.

"आणि तुझं काय?" मी कसंबसं विचारलं.

"माझं आज विचारू नका, आक्का."

ती आत गेली. पंगतीला वाढायचं होतं. मी व्हरांड्यात उभी होते, आणि माझे हे दोन हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.